तळ्याच्या मधोमध माझी मेकॅनिकी

आधी तोंडातला चहा गिळून घ्या, मग सांगतो. उगाच ठसका लागायचा आणि खापर माझ्यावर.

मांडवी बंदरात माझा जन्म होड्यांची इंजिनं उघडण्यात गेला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मी नुसता कान लावला तरी इंजिन बोलायला लागतं म्हणतात लोक. लोक म्हणजे जास्त करून मीच.

तर मी, माझी बायको सुनंदा, माझी थोरली बहीण आणि तिचे मिस्टर, म्हणजे आमचे भाऊजी, असे चौघे हिमालयात फिरायला गेलो. तिथे एक तळं. इतक्या उंचावर, की चार पायऱ्या चढलं तरी धाप लागावी. आणि त्यात मोटरबोट! आम्ही बसलो. तळ्याच्या मधोमध गेल्यावर ताईला शांततेत फोटो हवे झाले, म्हणून मिशीवाल्या बोटवाल्याने इंजिन बंद केलं.

फोटो झाले. त्याने चावी फिरवली. इंजिन खोकलं आणि गप्प बसलं. तो हिंदीत म्हणाला, इथे दोन-तीनदा फिरवावी लागते, घाबरू नका. झालं असतं हो सगळं नीट. पण भाऊजी माझ्याकडे वळून म्हणाले, "काय, तुमच्याच खात्यातलं दिसतंय."

आता असं म्हटल्यावर माणूस बसून राहील का?

मी बोटवाल्याला बाजूला केलं आणि आधी भाषण दिलं. इथे हवा पातळ, पेट्रोल मात्र तेवढंच, म्हणून इंजिन गुदमरतंय. रेस पूर्ण उघडायची, भरपूर हवा आत जाऊ द्यायची आणि मग चावी. जुन्या कार्बोरेटरच्या इंजिनांवर हा उपाय मी कैक वेळा केलेला. रेसचा दांडा पुढे रेटला, चावी फिरवली. घर्रर्र, घर्रर्र. आधी खोकत तरी होतं, आता तेही नाही. मला वाटलं, चला, रोग पक्का सापडला.

बोटवाला काहीतरी सांगू बघत होता. मी हात वर करून त्याला थांबवलं. इंजिनाचं झाकण काढलं, भाऊजींच्या मांडीवर दिलं. पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबून दाबून टणक केला. प्लगच्या वायरी चाचपल्या. आणि दर वेळी रेस पूर्ण उघडून चावी.

तेवढ्यात वारा सुटला. बोट हळूहळू खडकांकडे सरकायला लागली. ताईने गणपतीपुळ्याच्या बाप्पाला अभिषेक बोलून टाकला. घर्रर्रचं कुईं कुईं झालं. बोटवाल्याचा चेहरा उतरला. बॅटरीत एखाददुसरा दम उरलाय, म्हणाला. इकडे माझ्यात तेवढाही नव्हता. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

तेव्हा सुनंदा म्हणाली, "अहो, तो दांडा सारखा पुढे कशाला ढकलताय?"

"हवा... जायला."

"माझ्या नव्या स्कूटरच्या वेळी शोरूमवाल्याने बजावलं होतं, चालू करताना रेस पिळायची नाही म्हणून. हे पण तसलंच इंजिन असलं तर?"

मला खणखणीत उत्तर द्यायचं होतं, पण श्वासच पुरेना. म्हणूनच आम्ही वाचलो. तिने माझं कोपर धरलं, मला मागच्या फळीवर नेऊन बसवलं, दांडा मागे घेतला आणि बोटवाल्याला मान हलवून खूण केली. त्याने चावी फिरवली. इंजिनाने एकदा कण्हून घेतलं आणि सुरू झालं.

नंतर कळलं ते असं. या नव्या इंजेक्शनवाल्या इंजिनांना पातळ हवेचा हिशोब स्वतःचा स्वतः जमतो. पण चालू करताना रेस पूर्ण उघडी दिसली, की त्यांना वाटतं आत पेट्रोल जास्त साचलंय, आणि ती पेट्रोलच तोडतात. म्हणजे एका हाताने मीच इंजिनाचा गळा धरला होता आणि दुसऱ्या हाताने त्याला ऊठ ऊठ म्हणत होतो.

काठावर आमचा टूरवाला काळजीने वाट बघत उभा होता. इंजिनात काय बिघाड झाला होता, असं त्याने विचारलं. मी तोंड उघडलं, पण धाप काही संपलेली नव्हती. सुनंदानेच सांगून टाकलं.

"काही नाही हो. इंजिनापाशी एक पार्ट जास्तीचा होता. तिथून काढून मागे बसवला, लगेच चालू झालं."