पहारेकऱ्याची बाटली

सिंगापूरला, टॅम्पिनीसमध्ये, आमच्या वरच्या मजल्यावर एक मराठी गृहस्थ राहतात. ब्लॉकमध्ये कुणाचे आईवडील पुण्याहून आले, की यांना कसा सुगावा लागतो कोण जाणे. रविवारी सकाळी टोपी घालून दारात हजर. "मरलायनचा पुतळा काय, सगळेच बघतात!" हे त्यांचं पालुपद. शिवाय दर वाक्याआधी "एकच मिनिट", आणि ते मिनिट अर्धा तास चालतं.

माझ्या बाबांना तो सिंहाच्या तोंडाचा मासा, मरलायनच बघायचा होता. यांनी नेलं बुकिट ब्राउनच्या जुन्या चिनी दफनभूमीत. कमरेइतकं गवत, डास, त्यात बाबांचे गुडघे दुखरे. मी मनातल्या मनात यांना शिव्या घालत होतो. एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या कबरीशी पगडीवाला दगडी शीख पहारेकरी उभा होता.

"एकच मिनिट, काका. मालक कधीच गेला, हा अजून ड्यूटीवर! हाही आपल्यासारखा नोकरीलाच आलेला."

एवढं म्हणून त्यांनी आमच्याकडची पाण्याची शेवटची बाटली उघडली. मला वाटलं, बाबांना देतील. त्यांनी ती पहारेकऱ्याच्या तोंडावर ओतली आणि रुमालाने शेवाळ पुसत बसले. बाबांचा घसा कोरडा पडलेला.

पुढच्या रविवारी बेल वाजली.

"बाबा, दार उघडू नका," मी म्हटलं.

बाबा बूट घालून तयार होते. हातात पाण्याच्या दोन बाटल्या.

"दोन कशाला?"

"एक त्या पहारेकऱ्याची."