तेरावर थांबणारा डोकरा

माझी पिठाची गिरणी जळगावात आहे. शेजारी चहाची टपरी आहे आणि टपरीवाल्याचं एक बाकडं माझ्या ओट्यावर असतं. ओटा माझा, बाकडं त्याचं, आणि वर बसणारी पोरं जवळच्या खोल्यांवर राहणारी, परीक्षांचे क्लास करणारी. गिरणी चालू असली की त्यांचं बोलणं ऐकू येत नाही, आणि मला त्याची गरजही वाटत नाही. त्या दिवशी मी दगड उतरवून टाकी लावत बसलो होतो, म्हणजे झिजून गुळगुळीत झालेला दगड छिन्नीनं पुन्हा खरबरीत करत होतो. गिरणी बंद होती, त्यामुळं ऐकावं लागलं.

भांडण एका गाण्यावरून चाललं होतं. रॉक म्हणतात तसलं गाणं. धुळ्याच्या चौघा पोरापोरींनी केलेलं, गिटारी आणि ड्रम धडाधड, पण शब्द अहिराणी. मोबाइलवर त्या गाण्याखाली लोकांनी आपापले अर्थ लिहिले होते आणि ते वाचून दाखवत ही पोरं एकमेकांवर चढत होती. धुरपद एवढंच होतं:

डोकरा मोजस, तेरावर थांबस,
मना तोंडकडे देखस नही.

म्हातारा मोजतो, तेरावर थांबतो, माझ्या तोंडाकडं बघत नाही.

वरणगावचा एक उंच पोरगा होता, दाढी राखलेला. तो म्हणाला, "सरळ आहे. डोकरा म्हणजे काळ. तेरा म्हणजे तेरावं. माणूस गेला, तेरावं झालं, विषय संपला. काळ कोणाच्या तोंडाकडं बघतो का?"

त्याच्यासमोर चष्मेवाली पोरगी होती, पहूरची. ती म्हणाली, "म्हणजे मेलेली बाई गातेय होय?"

"आत्मा गातोय."

"आत्म्याला गिटार कोणी दिली?"

तिसरा एक जाडा पोरगा चहा संपवून म्हणाला, "डोकरा म्हणजे सरकार. भरतीची रांग आहे. तेरा जण आत घेतले, खिडकी बंद."

"तुझं प्रत्येक गाणं सरकारवर असतं," उंच पोरगा म्हणाला. "परवा वरातीत वाजलं ते बी तू सरकारवर लावलं होतं."

"ते होतंच सरकारवर."

पहिली ओळ ऐकल्याबरोबर मी छिन्नी खाली ठेवली होती. आवाज माझ्या नातीचा होता. धुळ्याला देवपुरात खोली करून ती कॉलेज शिकते आणि गिटार वाजवते, हे मला ठाऊक होतं. गाणं करते हे घरात कुणी सांगितलं नव्हतं. आणि गाण्यातला तो डोकरा काळ नव्हता, सरकार नव्हता. तो मी होतो.

ज्यांच्याकडं रोट नसतात त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या खान्देशात श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याला रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, लागतात, आणि रोटाचे गहू घरातल्या पुरुषांच्या नावानं मुठीनं मोजून घेतात. कर्त्या माणसाच्या पाच मुठी, बाकीच्यांच्या चार चार. आमच्याकडं तरी असंच. ते गहू वेगळे दळायचे, रोट भाऊबंदांनीच खायचे. बाईमाणसाची मूठ नसते. लेक उद्या दुसऱ्या कुळात जाणार, म्हणून तिची नसते. ज्यांच्या घरी रोट होतात त्यांच्या पोरांनासुद्धा हे माहीत नसतं, कारण ती ताटावरच येतात.

त्या दिवसांत माझ्या गिरणीवर सकाळी धुणं-पुसणं झाल्याशिवाय एक दाणा पडत नाही. ज्वारी नाही, बाजरी नाही, दुसऱ्या कुणाचा उरलेला गहू नाही. गल्लीतल्या निम्म्या घरांचे रोट मी दळतो आणि कुणाच्या घरी किती पुरुष, हे मला पिशवी हातात घेतल्यावर सांगता येतं. घरी मोजायचं कामही माझंच. बापानं मला मोजून दाखवलं होतं, तसं मी मोजतो.

नात आठ-नऊ वर्षांची असेल. तिच्या पाठीवर नातू झाला त्या वर्षीची गोष्ट. परात घेऊन बसलो. माझ्या पाच, मुलाच्या चार, आणि नव्या नातवाच्या चार, तो पाळण्यात असला तरी. तेरा झाल्या. ही शेजारी उभी होती. म्हणाली, "आबा, मनी मूठ?" माझी मूठ कुठं, म्हणून.

मी थांबलो. मग परात उचलली आणि गिरणीत गेलो. एवढंच झालं होतं. घरात त्यावर कुणी बोललं नाही, ना त्या दिवशी ना नंतर. मी समजत होतो ती विसरली असेल.

ओट्यावर पोरांचं काही मिटेना. उंच पोरगा माझ्याकडं वळला. "आबा, तुम्ही सांगा. अहिराणी तुमची बोली. डोकरा कोण?"

"दळायला काय आणलं?" मी विचारलं.

"काही नाही."

"मग उठा. मला दगड बसवायचाय."

ती उठली, टपरीच्या त्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि तिथं भांडायला लागली.

जेवताना मी सुनेला विचारलं. "पोरीचं गाणं सगळ्या गावानं ऐकलं. मला कधी ऐकवणार होता?"

सून म्हणाली, "कसं ऐकवावं कळेना, आबा. तुम्हाला राग येईल वाटलं."

"मोजलं ते मोजलं. त्याचा राग कशाला येईल? पण मी तोंडाकडं बघितलं नाही म्हणते ती."

"गाणं आहे हो ते."

"गाणं असलं म्हणून खोटं कसं चालेल?"

मुलानं ताटातून डोकं वर काढलं नाही. तो माझ्याशी वाद घालत नाही, त्याला त्याचा फायदा नाही हे लहानपणीच कळलंय.

मी चौथी शिकलेला माणूस आहे. गाण्यातलं कळत नाही असं लोक धरून चालतात आणि ते खरंही असेल. पण मी काय बघितलं ते मला कळतं. पाच-सहा दिवस गिरणीवर तीच ओळ डोक्यात. गिऱ्हाईकानं बाजरी दिली तर ती गव्हात ओतायची वेळ आली होती एकदा. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दहा किलो पीठ पिशवीत भरलं आणि धुळ्याची बस पकडली.

खोलीवर नात एकटी होती. गिटार खाटेवर, कपडे खुर्चीवर, चहाचं पातेलं खिडकीत. मला बघून तिनं आधी कपडे उचलले.

"आबा, फोन तरी करायचा. घरी सगळे बरे ना?"

"सगळे बरे आहेत. पीठ आणलंय. आणि तुझ्या गाण्यात एक चूक आहे ती सांगायला आलोय."

ती उभीच राहिली. "कोणती?"

"मी बघितलं होतं."

तिला लगेच कळलं. कशाबद्दल म्हणून विचारलं नाही तिनं.

"नाही बघितलं," ती म्हणाली. "तुम्ही परात उचलली आणि गेलात."

"जायच्या आधी बघितलं. तुझ्या उजव्या वेणीची रिबीन सुटून खांद्यावर आली होती. लाल. हात परातीच्या काठाला होता आणि बोटांना शाई होती. न बघता हे मला कुणी सांगितलं?"

तिनं पिशवीतलं पीठ डब्यात ओतायला घेतलं. सगळं ओतून झालं, डबा आपटून पीठ खाली बसवलं, झाकण लावलं. मग म्हणाली, "मी इतकी वर्षं समजत होते की तुम्ही घाईत होता. तुम्हाला ऐकू गेलं, पण मान वर केली नाही. असं होतं माणसाचं, राहून जातं. म्हणून तर मी ती ओळ तशी लिहिली. तुम्ही बघितलं असेल, आणि बघूनही गेला असाल, तर ते जास्त वाईट आहे, आबा. गाण्यात मी तुम्हाला सूट दिली होती."

"मला कुणाची सूट नको."

"वाईट दिसाल."

"दिसू दे. झालं तसं लाव."

"लोक काय म्हणतील तुम्हाला?"

"लोक मला यम म्हणतायत. माझ्या ओट्यावर बसून मला सरकार म्हणतायत. त्याच्यावर आणखी काय म्हणणार?"

ती हसली. हसता हसता स्टोकडं वळली आणि चहा टाकला. चहा होईपर्यंत ती माझ्याकडं पाठ करूनच होती. कप हातात देताना म्हणाली, "बदलीन की नाही, ते आत्ता सांगत नाही. गाणं माझं आहे."

"मोजणारा मी आहे."

"म्हणून तर अडलंय."

मी चहा पिऊन निघालो. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. काम झालं की नाही ते माझं मला कळत नव्हतं.

पुढच्या महिन्यात त्यांचा कार्यक्रम जळगावात एका कॉलेजच्या मैदानावर होता. मुलगा म्हणाला, आवाज फार असतो, कानाला त्रास होईल. गिरणीच्या पट्ट्याशेजारी आयुष्य गेलेल्या माणसाला तो हे सांगत होता. मी धुतलेलं धोतर नेसून गेलो आणि मधल्या ओळीतल्या एका खुर्चीवर बसलो. ऊन कललं होतं, उजेड अजून होता. पुढच्याच ओळीत माझ्या ओट्यावरची ती तिघं बसली होती. उंच पोरानं मागं वळून बघितलं आणि चष्मेवालीला कोपरानं ढोसलं. "गिरणीवाले आबा. बघ, रॉकला आलेत."

"पीठ उडवतील बघ," जाडा म्हणाला. मला ऐकू गेलं.

नातीनं तीन-चार गाणी आधी म्हटली. त्यातलं मला फारसं लागलं नाही. मग ते सुरू झालं आणि मैदानावरची सगळी पोरं तिच्याबरोबर म्हणायला लागली, धुरपदापर्यंत बरोबर आली, आणि तिथं फसली. कारण तिनं वेगळंच म्हटलं.

डोकरा मोजस, मनाकडे देखस,
देखीसन बी तेरावर थांबस.

पुढच्या कडव्यानंतर पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मैदानानं नवी ओळ उचलली. मी खुर्चीत सरळ बसून ऐकलं. तिची नजर माझ्याकडं आली नाही. एवढ्या गर्दीत मी कुठं बसलोय हे तिला दिसणंही शक्य नव्हतं.

गाणं संपल्याबरोबर पुढच्या ओळीत वाद उभा राहिला.

"बदललं तिनं," चष्मेवाली म्हणाली. "आधी बघत नव्हता. आता बघतो, आणि तरी थांबतो. तुझा काळ गेला बाद. काळाला डोळे नसतात."

उंच पोरगा म्हणाला, "मग देव. देव सगळं बघतो आणि काही करत नाही."

"सरकारनं दबाव आणला असणार," जाडा म्हणाला.

मी पुढं वाकलो. "देव नाही," मी म्हणालो. "मी."

तिघंही वळली. उंच पोरगा म्हणाला, "वा, आबा. म्हणजे प्रत्येक घरातला म्हातारा. हे कुणी लिहिलं नाही अजून." आणि त्यानं मोबाइल काढला.

"प्रत्येक घरातलं मला माहीत नाही. मी. ती माझी नात आहे."

मग मी त्यांना मुठींचं सांगितलं. पाच, चार आणि चार. परात सांगितली, तिनं काय विचारलं ते सांगितलं. ऐकून झाल्यावर उंच पोरानं मान हलवली. "आबा, तुमच्यापुरतं ते खरं असेल. पण गाणं एवढ्याशा गोष्टीवर नसतं. लिहिणाऱ्याला सुद्धा ठाऊक नसतं आपण काय लिहिलंय. तुमचं एक मत म्हणून आम्ही धरतो."

"मत नाही ते. झालेली गोष्ट आहे."

"तेच म्हणतोय मी. गोष्ट वेगळी, अर्थ वेगळा."

मी त्याच्याशी भांडलो. मंचावरची माणसं वायरी गुंडाळायला लागली तरी आम्ही भांडत होतो. त्याला मी पटलो नाही आणि तो मला पटला नाही. चष्मेवाली मात्र बोटांवर काहीतरी मोजत होती.

मग म्हणाली, "आमच्याकडं सतरा होतात."

"काय?" उंच पोरगा म्हणाला.

"आजोबा, पप्पा, काका, भाऊ. सतरा. मीच धुऊन वाळवून ठेवते गहू, दर वर्षी." तिनं माझ्याकडं बघितलं. "आबा, बघितलंत ना तुम्ही तिच्याकडं? मग चार मुठी टाकायला काय झालं होतं? गहू तर होते."

गहू होते. पोत्यात भरपूर होते. मी तिला सांगितलं की माझ्या बापानं मला बहिणीच्या नावाची मूठ मोजून दाखवली नव्हती, आणि त्यानं दाखवलं नाही ते मला येत नव्हतं.

"आणि आता?" ती म्हणाली.

माणसं खुर्च्या गोळा करत आमच्या ओळीपर्यंत आली होती. मी उठून माझी खुर्ची त्यांच्या हातात दिली. तिला म्हणालो की येत नाही अजून, आणि खोटं सांगायला मी आलेलो नाही.