नदीवर निजलेला धूर

तो धूर माझ्या वावरातला होता. हे एवढंसं वाक्य बोलायला मी फार उशीर केला, आणि त्या उशिरात चहा मात्र फुकटचा प्यालो.

आमचं वडगाव रासाई भीमेच्या काठावर. नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो. पौषातली कडाक्याची थंडी होती. माझा ऊस तुटून गेला होता आणि वावरभर वाळक्या पाल्याचं पाचट पसरलं होतं. पाचट जाळू नये, कुजवावं, हे मला ठाऊक होतं. गावच्या बैठकीत मी तसं ठणकावून बोललोही होतो. पण सणसवाडीच्या कंपनीतली पाळी सांभाळून शेती करायची म्हटली, की माणसाला काडेपेटी सोयीची वाटते.

पाचट पेटवायची आमच्याकडं एक रीत आहे. वारा पुरता पडल्याशिवाय काडी ओढायची नाही. माझ्या बांधाला लागून चुलतभावाचा ऊस उभा होता. एक ठिणगी उडाली असती तर आग विझली असती, भांडण विझलं नसतं. म्हणून लिंबाचं पानही हलेनासं झालं, तेव्हा सांजवेळी मी पेटवलं. भावाच्या उसाचं एक पातं करपलं नाही. तो म्हणाला, "दादा, पेटवावं तर तुम्हीच." मी फुशारलो. पाचट बघता बघता जळून गेलं. पण बांधाखालच्या ओघळीतला माझा जुना उकिरडा आतून पेटला होता, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर पांढरं दाट काहीतरी पसरलेलं दिसलं. मी म्हणालो, धुकं. पण धुक्याला असा वास येत नाही. भावाची मुलगी पोलीस भरतीची तयारी करत होती आणि रोज उजाडता नदीकाठच्या रस्त्यावर पळायची. त्या दिवशी ती खोकत, डोळे चोळत परत आली. पुढचे दोन-तीन दिवस तेच. भाऊ वैतागला. "पोरीची छातीच गेली तर भरती काय चाटायचीय?"

मी ताबडतोब गुन्हेगार शोधला. नदीपलीकडं दाजींचं, म्हणजे माझ्या बहिणीच्या नवऱ्याचं, गुऱ्हाळ आहे. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी लिहिलं, 'पलीकडच्या गुऱ्हाळानं आमच्या लेकीचा श्वास कोंडला.' अंगठ्यांचा पाऊस पडला. मग पुरावा धुरासकट पकडावा म्हणून एका सकाळी मोटारसायकल काढली आणि पूल ओलांडून गेलो.

दाजी मफलर गुंडाळून ओट्यावर बसले होते. "या मेव्हणं! बहिणीची आठवण झाली का गुळाची?"

"दाजी, धूर बंद करा."

"कसला?" म्हणत त्यांनी मला हाताला धरून गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीपाशी, चुलाणापाशी नेलं. चुलाण गार होतं. रस आटवायच्या काहिलीला भोक पडलं होतं, म्हणून ती दुरुस्तीला गेली होती. चुलाणाच्या तोंडाशी मांजर पिलांना घेऊन झोपलं होतं. "हिला इचारा. आठवडा झाला, हिचं बाळंतपण चाललंय हितं."

मग ते मला गच्चीवर घेऊन गेले. तिथून दिसलं ते मी विसरणार नाही. नदीवर धुराचा थर चादरीसारखा सपाट पसरला होता आणि वर स्वच्छ निळं आभाळ होतं. आमच्या काठावरून धुराची एक दोरी सरळ वर येत होती, लिंबाच्या शेंड्याएवढी उंच झाली की छताला टेकल्यासारखी आडवी होत होती आणि त्या चादरीत मिसळत होती.

"दाजी, ते वावर कुणाचं?" मी उगाच विचारलं.

"तुमच्या बहिणीच्या माहेरचं," ते म्हणाले आणि इतके हसले की बहीण चहा घेऊन वर आली.

तेव्हा मला सगळं उमजलं. थंडीत रात्री जमीन गार पडते, तिच्या लगतची हवा गार आणि जड होऊन उतारानं नदीकडं सरकते. तिच्यावर त्यामानानं उबदार हवेचं झाकण बसतं. धूर त्या झाकणापर्यंत जातो आणि खालीच निजतो, ऊन तापेपर्यंत उठत नाही. पाळीवरून परतताना सणसवाडीच्या रस्त्यावरची धूळ, गाड्यांचा धूर, शेकोट्या असं सगळं थंडीत नाकाशी का रेंगाळतं, तेही कळलं. ज्या वाऱ्याच्या पडण्याची मी इतकी वाट पाहिली, तोच तर हा धूर घेऊन जाणार होता.

"आमचं नाव टाकलंत, आता खरं ग्रुपवर कवा टाकताय?" निघताना दाजींनी विचारलं.

"आजच," मी म्हणालो.

टाकलं नाही. घरी आलो, पाण्याची मोटार चालू केली, उकिरडा उकरून उकरून भिजवला. दुसऱ्या दिवशी नदी मोकळी दिसली. चौकात मात्र माझाच जयजयकार! "दादांनी गुऱ्हाळ बंद पाडलं!" हॉटेलवाल्यानं चहा दिला, पैसे घेतले नाहीत. मी तो प्यालो. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्यालो. पोरगी पळून आली की लांबूनच हात हलवायची. तिला उलट हात हलवताना माझी मान आपोआप खाली जायची.

मग एका सकाळी भाऊ चौकात आला. मागं ती होती, पळायचे बूट हातात घेऊन. "दादा, काहील आली म्हणं दुरुस्त होऊन. उद्या गुऱ्हाळ पेटणार. म्हंजी पुन्हा तेच. हिला सांगितलं, आता पळणं बास."

"काका," ती म्हणाली, "तुम्ही परत एकदा बोला की त्यांच्याशी. तुमचं ऐकलं ना त्यांनी मागं. माझं भरतीचं ग्राउंड जवळ आलंय."

हॉटेलवाला नेमका माझ्यापुढं चहा ठेवत होता. मी कप बाजूला सारला.

"त्यांनी काय ऐकलं न्हाई, पोरी. त्यांचं चुलाण गारच होतं, आत मांजर व्यालं होतं. धूर माझ्या उकिरड्याचा होता, मीच इझवला आन् गप बसलो. तुझ्या बापाचा ऊस वाचवायला वारा पडायची वाट बघितली, तुझ्या श्वासाचा इचारच केला न्हाई. वर दाजींचं नाव घेतलं. गुऱ्हाळ आधीबी पेटायचं, तवा कुठं तुला खोकला आला? उद्या तू खुशाल पळ. चुकलं माझं. मला माफ कर."