लिंबाचा पाला

आमच्या मामाइतका एकनिष्ठ भांडखोर परभणी जिल्ह्यात शोधूनही सापडणार नाही. बाकीची माणसं दिसेल त्याच्याशी भांडतात. मामा उभ्या जन्मात फक्त शेजारच्या तात्याशी भांडला, आणि तेही एकाच कारणावरून. तात्याच्या दारातल्या कडुलिंबाचा पाला मामाच्या अंगणात पडायचा.

सोनपेठकडे, गंगेच्या म्हणजे गोदावरीच्या काठावर त्यांचं गाव होतं. एका पुरात गंगा घराघरात शिरली, भिंती बसल्या आणि अख्खं गाव उठून वर माळावर आलं. नवे प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटले, तर मामाला मिळाला शाळेजवळ आणि तात्याला पार पाण्याच्या टाकीपाशी. लोक म्हणाले, सुटलो एकदाचे. मामा मात्र अर्ध्या जेवणावरून उठायला लागला. शेवटी एका सकाळी टोपी चढवून तो तात्याच्या दारात जाऊन ओरडला, "काल खाली गावात गेलतो. तुझ्या लिंबानं माझं समदं अंगण भरून टाकलंय!"

"मंग झाडाला पिशवी बांधू का?" तात्या आतून गरजला आणि लगेच सुनेला म्हणाला, "चहा टाक गं. लय दिसानं आलाय."

तेव्हापासून मामा रोज खराटा घेऊन उजाड गावात उतरायचा, घर न उरलेलं अंगण झाडायचा आणि वर येऊन तात्याशी भांडायचा. मामी म्हणायची, "नव्या घरात कधी केरसुणी धरली न्हाई ह्यांनी."

पुढे मुलानं तात्याला पुण्याला नेलं. मामानं मोबाईल घेतला तो केवळ भांडणासाठी. बोलायचा स्पीकर लावून, म्हणजे गल्लीचीही सोय.

परवा मी गेलो तेव्हा मामा मला खाली घेऊन गेला. यंदाच्या पुरानं लिंब मुळासकट नेला होता. घरी आल्यावर मामानं फोन लावला. "तात्या, आज तर ढीगभर पाला पडलाय!"

पलीकडून थकलेला आवाज आला, "लय तरास दिला रे तुला. औंदा आलो की तोडूनच टाकतो त्याला."

"खबरदार झाडाला हात लावशील तर!" मामा कडाडला. "तू फकस्त ये. पाला मी झाडतो."

मला हसू आलं आणि भरूनही आलं. फोन ठेवून मामानं डोळे पुसले, खराटा उचलला आणि पुन्हा खाली निघाला.