आधीचं कुत्रं कुटं हाय?

“घड्याळ काढा, फोन तिकडं ठिवा आन् गप बसा. तुमी बघू नका, त्यांना बघू द्या.”

पिल्लू न्यायला आलेल्या प्रत्येकाला चांदे गावातल्या त्या बाई अंगणात गोणपाट अंथरून आधी एवढेच सांगत. मग स्वतः उंबऱ्यावर बसून शेंगा सोलीत.

आमच्या सोसायटीतली बरीच कुत्री त्यांच्याच अंगणातली. सगळी गावठी, पण कोणते पिल्लू कोणत्या घरी रुळेल, याचा त्यांचा अंदाज चुकल्याचे मी कधी ऐकले नाही. घरातल्या प्रत्येकाचा अंगावरचा एकेक कपडा त्या आधी मागवून घेत आणि दोन दिवस पिल्लांत टाकून ठेवीत. मी आमचे कपडे धुऊन, इस्तरी करून नेले. त्यांनी माझा शर्ट नाकाशी धरला.

“सायेब, पिल्लू साबणाला द्यायचंय व्हय?”

माझी मुलगी खुदकन हसली. माझ्यासमोर ती कितीतरी महिन्यांनी हसत होती.

“आधीचं कुत्रं कुटं हाय?” बाईंनी सहज विचारले.

“वारलं,” मी म्हणालो.

मुलगी उठून फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली. बाईंनी तिच्या पाठीकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि कपड्यांची पिशवी माझ्या हाती परत दिली. “मग न्हाई जमायचं.”

वाचकहो, ते वारले नव्हते. हौसेने आणलेले ते महागडे, दाट केसांचे कुत्रे मला झेपेना. मुलगी सहलीला गेली असताना मी ते लवासाच्या रस्त्यावर, एका बंद पडलेल्या बांधकामापाशी सोडून आलो. हे कळल्यापासून ती माझ्याशी कामापुरतेच बोलत असे.

पंधरा दिवसांनी मी न धुतलेले कपडे घेऊन तिच्यासह पुन्हा गेलो.

“मीच सोडून आलो होतो,” मी सांगितले.

“हुडकायला गेलता?”

“दुसऱ्याच दिवशी. सापडलं नाही. अजूनही रविवारी जातो.”

मुलीने चमकून माझ्याकडे पाहिले. हे मी तिलाही सांगितले नव्हते.

बाईंचा शेंगेवरचा हात थांबला होता. “कपडे ठिवा. परवा या.”

ठरल्या दिवशी आम्ही गोणपाटावर बसलो. एक तांबूस पिल्लू माझ्या बुटाची नाडी ओढू लागले. मला तेच आवडले.

“त्याला कुनीबी चालतंय,” बाई म्हणाल्या.

पुष्कळ वेळाने पाण्याच्या पिंपामागून एक काळे पिल्लू आले, मादी होती. मुलीचा वास घेऊन ती पुढे सरकली आणि माझ्या पावलावर हनुवटी टेकून पडली. मला श्वास घ्यायचीही भीती वाटली.

“दोन दिस तुमच्याच शर्टावर निजतीया ही.”

“पण पिल्लू मुलीसाठी हवं होतं...”

“पोरगी खेळंल की. खायाला मातर तुमी घालायचं. रोज, तुमच्या हातानं.”

मुलगी सरकून माझ्याजवळ बसली. ज्याने एक कुत्रे टाकले, त्याच्याच हाती त्यांनी दुसरे दिले. त्यांनी काय ओळखले आणि कसे, हे मला आजही सांगता येत नाही. रोज सकाळी भाकरी कुस्करताना मी त्याचाच विचार करतो.

यंदा त्या गेल्या. आम्ही कुत्रीला घेऊन त्यांच्या घरच्यांना भेटायला गेलो. अंगणात पिल्ले नव्हती. त्यांच्या सुनेने दोरीवरचे गोणपाट काढून अंथरले. कुत्री उंबऱ्यावरच्या त्यांच्या जागेशी जाऊन हुंगत राहिली.

मुलीने स्वतःचे घड्याळ काढले आणि माझ्यापुढे हात धरला. मी माझेही काढून तिच्या हाती दिले. मग आम्ही दोघे गप बसलो. कुत्रीकडे पाहिले मात्र नाही.