ममताने लावलेला उजेड

हे मी आईला सांगितलेलं नाही, नवऱ्याला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही ममताला ओळखत नाही. बघा – सुरुवातच भित्रेपणाने झाली.

गोंदियात ॲनिमेशनच्या कोर्सला आम्ही दोघी एकत्र होतो. मी दवनीवाड्याची, धानाच्या गावची. ममता सालेकशाकडच्या जंगलातली. शेवटच्या प्रोजेक्टला तीस सेकंदांची जाहिरात करायची होती. तिच्या आईचा बचत गट मोहाचे लाडू बनवायचा, तेच घेतले. चित्रं दोघींची, लाइटिंग तिचं, एडिटिंग माझं.

मोहफुलं वेचणाऱ्या बायांचा प्रसंग तिने फार जपून केला होता. सूर्य यायच्या आधीची राखाडी वेळ, आणि त्यात खाली पडलेली फुलं तेवढी फिकट दिसणारी. मला तो अंधार वाटायचा. ती म्हणायची, "असंच असते. ऊन चढाच्या आधी येचून होते."

मग तिच्याच कॉम्प्युटरवर कच्चा कट पाहून सर सगळ्यांसमोर म्हणाले, "पूरी ऍड लाइट पे खड़ी है." एडिटिंगबद्दल एक अक्षर नाही. बारा दिवस मी फ्रेम कापत बसले होते. सॉफ्टवेअर तिला मीच शिकवलं होतं. आणि ती? मान खाली घालून हसली. माझं नावही घेतलं नाही. मला वाटलं, हिने दगा दिला. एवढ्याशा गोष्टीला कोणी दगा म्हणतं का? पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, हे खरं.

शेवटची फाइल माझ्याकडे होती. तिच्या त्या प्रसंगावर मी ऊन चढवलं – पिवळंधमक, भर दुपारचं. जाहिरात आहे, चकाचक दिसली पाहिजे, असं स्वतःला समजावलं. तिला कळवलं नाही. मला काय हवं होतं? सरांनी माझं कौतुक करावं, एवढंच? नाही. तिचं काम पुसायचं होतं.

दाखवायच्या दिवशी बचत गटाच्या बाया नव्या साड्या नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. तो प्रसंग आला आणि एक बाई हसली, मग सगळ्याच. ममताची आई मागे वळून म्हणाली, "एवढ्या उनात कोन मोहा येचते वं? शयरात राहून हे पोरगीही भुलली का?" ती हसतच म्हणाली. पण ममताचा उतरलेला चेहरा मी पाहिला – तिच्याच मायसमोर, तिच्याच गावच्या बायांसमोर. पडद्यावर लाइटिंगपुढे तिचं नाव होतं.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "माह्या कंप्युटरवर तं बरोबर होतं. असं काऊन झालं?"

खरं सांगायला याहून सोपी वेळ कुठली असणार होती? आणि मी म्हणाले – "तुह्या मॉनिटरचा ब्राइटनेस कमी होता. म्हणून तुले तसं दिसलं."

तिने लगेच मानलं. वर माझीच माफी मागितली. "माह्याच्यानं तुही मेहनत वाया गेली," म्हणाली.

नागपूरच्या एका स्टुडिओत दोघींनी अर्ज करायचं ठरलं होतं. तिने केलाच नाही. आपल्याला उजेडातलं काही कळत नाही, हे तिने मनाशी धरून घेतलं. मी केला, मला काम मिळालं. अजून तिथेच आहे.

ममता आता सालेकशाला एका झेरॉक्सच्या दुकानात लग्नपत्रिका आणि बॅनर करते. छापायच्या आधी प्रत्येक बॅनर मला फोनवर पाठवते. "पाह्य ना, रंग बरोबर हायेत का? माह्या डोळ्याचा भरोसा नाही."

परवाही एक आला. रंग बरोबर होते. नेहमीच असतात. मी "बरोबर" एवढंच लिहिलं.