माझ्या आईचा कॉल आज आलाच नव्हता

मंडळी, अजून अंगावर काटा आहे.

शनिवारी इथे न्यूझीलंडला, मनुरेवात दुपारचे तीन वाजले की पुण्याहून आईचा व्हिडिओ कॉल येतो. आज मी किचनमध्ये होते. हॉलमधून म्हाताऱ्या बाईचा आवाज येत होता आणि माझी नऊ वर्षांची ईरा मध्येमध्ये "हो... हो..." म्हणत होती. आजीशी ती एवढंच मराठी बोलते.

मी आतूनच ओरडले, "आई, चहा झाला का गं?"

आवाज मात्र चालूच.

बाहेर येऊन बघते तर फोन चार्जिंगला! ईरा लॅपटॉपवर होती. शाळेच्या प्रोजेक्टसाठी तिने अमेरिकन सरकारची मुलांसाठीची हिस्टरी साइट उघडली होती. तिथल्या मूळ रहिवाशांपैकी एका आजींचं जुनं रेकॉर्डिंग लागलं होतं. खाली लिहिलं होतं, ही भाषा बोलणारं आता कुणीही हयात नाही.

"अगं, मग तू हो कुणाला म्हणत होतीस?"

"आय डोन्ट नो, आई. आजीचं पण मला काहीच कळत नाही. आय जस्ट से हो."

तेवढ्यात फोन वाजला. स्क्रीनवर आई. पहिल्यांदाच तो ईराच्या हातात द्यायची मला भीती वाटली.

तुमची मुलं "हो" म्हणतात ना, त्यांना एकदा विचारून बघाल? मी विचारायला नको होतं.